अपग्रेडनंतर लॉगमध्ये तोच तो संदेश : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक तक्रार सातत्याने दिसते. लिनक्स सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला, सगळ्या सर्व्हिसेस व्यवस्थित सुरू झाल्या, पण त्या दिवसापासून सिस्टिम लॉगमध्ये (सिसलॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या घडामोडींची नोंदवही) एकच संदेश सारखा येत राहतो, असे वाचक कळवतात. अशा पत्रांतील पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातली तपासाची रीत पुढच्या प्रश्नांनाही लागू पडते.

प्रश्न : आमचा एक सर्व्हर व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनवर चालतो. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर अपग्रेड केल्यापासून सिसलॉगमध्ये दर पाच सेकंदांनी ‘मल्टिपाथडी : एसडीए : ॲड मिसिंग पाथ’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘एसडीए : फेल्ड टु गेट यूडेव्ह यूआयडी : इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ अशा ओळी येतात. कामकाजात कुठेही अडथळा नाही, पण या गर्दीत दुसरे काहीही शोधता येत नाही. डिस्क खराब होत असावी अशी भीती वाटते. सहकारी म्हणतात की ती सर्व्हिस सरळ बंद करून टाकावी. तसे करावे का?

उत्तर : या संदेशामुळे डिस्क खराब होत असल्याचे अनुमान काढू नये, त्याचा डिस्कच्या आरोग्याशी संबंध नाही. मल्टिपाथडी ही अनेक मार्गांनी जोडलेल्या डिस्क सांभाळणारी सर्व्हिस आहे. ती बंद करणे हा काही परिस्थितींत योग्य उपाय आहे, पण आपल्याकडे तो योग्य ठरेल का, हे ठरवण्याआधी संदेश नेमका कोण देतो, किती अंतराने देतो आणि अपग्रेडच्या आधीही तो येत होता का, हे पाहून घ्यावे.

संदेश कोण देतो, हे ओळीच्या सुरुवातीच्या नावावरून कळते असे आपण धरून चालतो, परंतु ते नाव त्या प्रोग्रॅमने स्वतःच सांगितलेले असते. ‘जर्नलसीटीएल -ओ व्हर्बोज’ ही कमांड दिली की प्रत्येक नोंदीमागची सगळी माहिती दिसते. तिच्यातल्या ज्या रकान्यांची नावे अंडरस्कोरने सुरू होतात, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, प्रोग्रॅमचे नाव, सिस्टमडीचे (सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचे) युनिट इत्यादी, ते जर्नलडीने (नोंदी जमवणाऱ्या सर्व्हिसने) स्वतः लिहिलेले असतात आणि संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला ते बदलता येत नाहीत. भरवसा ठेवायचा तो या रकान्यांवर.

दोन संदेशांमधले अंतर हा माझ्या मते तपासातला सर्वांत उपयोगी धागा आहे, आणि त्याच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. डेबियन आणि उबुंटूच्या मूळ क्रॉनटॅब फाइलमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) दर तासाची कामे १७ व्या मिनिटाला सुरू होतात. ॲनाक्रॉन (सर्व्हर बंद असताना चुकलेली कामे नंतर चालवणारा प्रोग्रॅम) बसवलेले नसेल, तर रोजची कामे सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी, आठवड्याची रविवारी ६ वाजून ४७ मिनिटांनी आणि महिन्याची १ तारखेला ६ वाजून ५२ मिनिटांनी होतात. पीएचपीची जुनी सेशन्स साफ करणारे काम प्रत्येक तासाच्या ९ व्या आणि ३९ व्या मिनिटाला चालते. त्यामुळे एखादा संदेश नेमका याच मिनिटांना येत असेल, तर कोणत्या फाइलमध्ये डोकवायचे हे संदेशाचा मजकूर न वाचताही समजते. आपल्याकडचे अंतर पाच सेकंदांचे आहे, आणि मल्टिपाथडीच्या ‘पोलिंग इंटरव्हल’ या सेटिंगची मूळ किंमत ५ सेकंद हीच आहे. म्हणजे हा प्रोग्रॅम आपल्या प्रत्येक फेरीत एकच काम करून पाहतो आणि प्रत्येक वेळी ते फसते.

आधीची स्थिती पाहण्यासाठी ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ या कमांडने जुने बूट शोधावेत. ‘/वार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरीच नसेल, तर मूळ सेटिंगनुसार जर्नल केवळ मेमरीत राहतो आणि रीबूटनंतर नाहीसा होतो. अशा वेळी रोटेट झालेल्या, म्हणजे ठरावीक काळाने बाजूला ठेवलेल्या, जुन्या सिसलॉग फाइली ‘झेडग्रेप’ने चाळाव्यात. शिवाय ‘/वार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ या फाइलमध्ये कोणते पॅकेज कोणत्या दिवशी नव्याने आले याची नोंद असते. आपल्या बाबतीत तिथे अपग्रेडच्या तारखेला ‘मल्टिपाथ-टूल्स’ हे पॅकेज आलेले दिसण्याचा संभव मोठा आहे, कारण उबुंटू सर्व्हरच्या २०.०४ या आवृत्तीत ते डीफॉल्ट पॅकेजांमध्ये आहे.

आता मूळ कारणाकडे वळू. मोठ्या साठवण यंत्रणेतली एकच डिस्क सर्व्हरला दोन-तीन वेगवेगळ्या मार्गांनी जोडलेली असते, तेव्हा त्या सगळ्या मार्गांच्या टोकाला असलेली डिस्क एकच आहे हे ओळखणे आणि एक मार्ग तुटला तर दुसऱ्याने काम चालू ठेवणे, ही मल्टिपाथडीची जबाबदारी असते. ती पार पाडण्यासाठी त्याला प्रत्येक डिस्कचा असा ओळखक्रमांक लागतो, जो कोणत्याही मार्गाने विचारला तरी सारखाच येतो. हा क्रमांक यूडेव्ह (जोडलेल्या उपकरणांची माहिती ठेवणारी लिनक्सची यंत्रणा) पुरवतो आणि यूडेव्ह तो डिस्कलाच विचारून मिळवतो. व्हीएमवेअरची व्हर्च्युअल डिस्क, मशीनच्या सेटिंगमध्ये तसे स्पष्ट सांगितलेले नसेल, तर हा क्रमांक देतच नाही. आपल्या डिस्कला तो १८.०४ चालू असतानाही नव्हता. फक्त त्या वेळी तो विचारणारे कोणी नव्हते. ‘/लिब/यूडेव्ह/एससीएसआय_आयडी -जी -यू -डी /डेव्ह/एसडीए’ ही कमांड चालवून पाहावी. उत्तरादाखल काहीच छापले गेले नाही, तर निदानाची खात्री झाली असे समजावे.

उपाय आपल्या रचनेवर अवलंबून आहे. ‘मल्टिपाथ -एलएल’ या कमांडला काहीच उत्तर आले नाही, ‘एलएसबीएलके’च्या यादीत मल्टिपाथ प्रकारचे एकही उपकरण नसले आणि बाहेरची साठवण यंत्रणा जोडलेली नाही याची आपल्याला खात्री असली, तर सहकाऱ्यांचा सल्ला मानायला हरकत नाही. मात्र ‘मल्टिपाथडी.सर्व्हिस’बरोबर ‘मल्टिपाथडी.सॉकेट’ही बंद आणि डिसेबल करावे, अन्यथा सॉकेटला कोणी हाक दिली की सर्व्हिस पुन्हा सुरू होते. याउलट बाहेरची साठवण यंत्रणा जोडलेली असेल, तर ही सर्व्हिस अजिबात बंद करू नये. त्याऐवजी ‘/इटीसी/मल्टिपाथ.कॉन्फ’ या फाइलच्या ब्लॅकलिस्ट विभागात, ज्याचा व्हेंडर ‘व्हीएमवेअर’ आणि प्रॉडक्ट ‘व्हर्च्युअल डिस्क’ आहे असे उपकरण वगळण्याची नोंद करावी आणि मल्टिपाथडी रीस्टार्ट करावा. ‘मल्टिपाथ-टूल्स-बूट’ हे पॅकेज बसवलेले असेल, तर याच फाइलची एक प्रत इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला मेमरीत घेतल्या जाणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्येही) असते, म्हणून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ ही कमांडही द्यावी.

तिसरा मार्ग व्हीएमवेअरच्या बाजूने आहे आणि डिस्कला ओळखच मिळत असल्याने तो मुळाशी जाणारा आहे. मशीन पूर्ण बंद करावे, त्याच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘डिस्क.इनेबलयूयूआयडी’ची किंमत ‘ट्रू’ करावी आणि मग मशीन चालू करावे. आतल्या उबुंटूला नुसते रीबूट करून हा बदल लागू होत नाही. एफएसटॅबमध्ये (कोणती फाइल सिस्टिम कुठे जोडायची त्याच्या यादीत) यूयूआयडीने, म्हणजे अद्वितीय ओळखक्रमांकाने, लिहिलेल्या ओळींचे काय होईल, ही शंका यावर अनेकांना येते. त्या ओळींमधला यूयूआयडी फाइल सिस्टिमचा असतो, डिस्कचा नव्हे, त्यामुळे त्या पूर्वीसारख्याच चालतात. मशीन सुरू झाल्यावर मात्र ‘एससीएसआय_आयडी’ आणि ‘मल्टिपाथ -एलएल’ या दोन्ही कमांड पुन्हा चालवून पाहाव्यात.

एक उपाय मी सुचवणार नाही. आरसिसलॉगमध्ये (लॉगच्या फाइली लिहिणाऱ्या सर्व्हिसमध्ये) ‘मल्टिपाथडीकडून येणारे सर्व काही टाकून द्यावे’ असा नियम लिहिला की लॉग दोन मिनिटांत स्वच्छ दिसू लागतो. पण उद्या त्या सर्व्हरला खरोखरची साठवण यंत्रणा जोडली गेली आणि तिचा एक मार्ग तुटला, तर तो संदेशही त्याच नियमाखाली टाकून दिला जाईल, आणि तोवर हा नियम कोणी लिहिला होता हे कोणाच्याही लक्षात नसेल. संदेश गाळणे अटळच असेल, तर नियम त्या एका ओळीच्या मजकुरापुरता असावा आणि त्याच्यावर कारण व तारीख यांची टीप लिहिलेली असावी.

प्रश्न : डेबियन ११ वरून १२ वर आल्यापासून लॉगचेक (लॉगमधल्या वेगळ्या ओळी मेलने कळवणारा प्रोग्रॅम) दर तासाला शेकडो ओळींचा मेल पाठवतो. ज्या ओळी दुर्लक्षित कराव्यात म्हणून आम्ही पूर्वीच नियम लिहून ठेवले आहेत, नेमक्या त्याच ओळी या मेलमध्ये असतात. नियमांच्या फाइली जशाच्या तशा जागेवर आहेत. मग बिघडले काय?

उत्तर : नियम जागेवर आहेत, पण ओळींची सुरुवात बदलली आहे. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग फाइलमध्ये वेळ लिहिण्यासाठी नवा साचा वापरतो. पूर्वी महिन्याचे तीन अक्षरी नाव, दिवस आणि तास-मिनिट-सेकंद एवढेच असे. आता वर्ष, महिना, दिवस, सेकंदाचे सूक्ष्म भाग आणि टाइम झोनचा फरक हे सगळे सलग लिहिले जाते. लॉगचेकच्या जुन्या नियमांची सुरुवातच ‘आधी तीन अक्षरे, मग मोकळी जागा, मग अंक, मोकळ्या जागा आणि अपूर्णविराम (:) मिळून अकरा खुणा’ अशा स्वरूपाची असते. नव्या ओळी चार अंकी वर्षाने सुरू होत असल्यामुळे त्या सुरुवातीच्या खुणांनाच नापास होतात, आणि पुढचा मजकूर कितीही जुळत असला तरी नियम लागू होत नाही. पॅकेजांबरोबर येणारे नियम अपग्रेडमध्ये सुधारून येतात, परंतु आपण हाताने लिहिलेल्या नियमांना अपग्रेड स्पर्श करत नाही. म्हणूनच नेमक्या आपल्याच ओळी मेलमध्ये दिसत आहेत.

आरसिसलॉगच्या सेटिंगमध्ये ‘आरसिसलॉग_ट्रॅडिशनलफाइलफॉरमॅट’ हा साचा फाइलींसाठी डीफॉल्ट ठरवला, की जुने स्वरूप परत येते आणि मेल त्याच दिवशी थांबतात. घाईच्या वेळी एवढे करून ठेवण्यात गैर काही नाही. तरीही माझे मत असे की सवड काढून नियमच सुधारावेत, कारण जुन्या स्वरूपात वर्ष नसते आणि टाइम झोनही नसतो. वर्ष बदलताना किंवा दोन ठिकाणच्या सर्व्हरचे लॉग शेजारी ठेवून एखादी घटना जुळवताना ही उणीव फार त्रास देते. नियमाच्या सुरुवातीला दोन पर्याय द्यावेत, एक जुन्या स्वरूपाचा आणि एक नव्या, म्हणजे रोटेट झालेल्या जुन्या फाइलींवरही तोच नियम चालेल. नियमांची चाचणी ‘ईग्रेप’ने खऱ्या लॉगमधल्या दहा-वीस ओळींवर आधी घ्यावी.

याच अपग्रेडमधला आणखी एक बदल ध्यानात असू द्यावा. आरसिसलॉगच्या नव्या मूळ सेटिंगमध्ये ‘डीमन.लॉग’, ‘मेसेजेस’, ‘डीबग’ या फाइलींत आता काहीही लिहिले जात नाही. आपली एखादी देखरेखीची स्क्रिप्ट या फाइली वाचत असेल, तर ती आता कसलीही तक्रार न करता शांत बसलेली असेल. मेलचा भडिमार निदान दिसतो. असे गप्प झालेले पहारेकरी मात्र आपणहून शोधावे लागतात, आणि मेल थांबवण्याआधी मी तेच काम हाती घेईन.

प्रश्न : ‘पीआयडीफाइल ही /वार/रन/ या जुन्या डिरेक्टरीखालील पाथ दाखवते, ती बदलून /रन/ केली आहे, कृपया युनिट फाइल सुधारावी’ अशा अर्थाचा सिस्टमडीचा संदेश वारंवार येतो. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ वापरून योग्य पाथ लिहिला, तरी संदेश थांबत नाही.

उत्तर : पीआयडीफाइल म्हणजे चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी फाइल, आणि युनिट फाइल म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल. हा संदेश निरुपद्रवी आहे, सिस्टमडीने आवश्यक ती दुरुस्ती स्वतःच केलेली असते. तो थांबत नाही याचे कारण असे की ‘सिस्टमसीटीएल एडिट’ मूळ युनिट फाइलला फक्त एक पुरवणी जोडते. मूळ फाइल आधी वाचली जातेच, आणि तिच्यातली जुनी ओळ वाचताक्षणी इशारा दिला जातो. प्रत्येक ‘डीमन-रीलोड’च्या वेळी सगळ्या युनिट फाइली नव्याने वाचल्या जातात, त्यामुळे एखादे पॅकेज बसवले तरी इशारा पुन्हा उमटतो. ‘सिस्टमसीटीएल एडिट --फुल’ दिल्यास संपूर्ण फाइलची प्रत ‘/इटीसी/सिस्टमडी/सिस्टम’मध्ये तयार होते आणि मूळ फाइल बाजूला पडते, त्या प्रतीत ओळ सुधारली की संदेश थांबेल. मात्र त्यानंतर पॅकेज बनवणाऱ्यांनी मूळ फाइलमध्ये केलेल्या सुधारणा आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत. केवळ या एका इशाऱ्यासाठी मी ते करणार नाही. पॅकेजची नवी आवृत्ती येईपर्यंत तो तसाच राहू द्यावा.

प्रश्न : आमचे एक जुने उपकरण रोज रात्री एसएसएचने सर्व्हरवर बॅकअप टाकते. सर्व्हर उबुंटू २२.०४ वर नेल्यापासून बॅकअप होत नाही आणि लॉगमध्ये ‘सिग्नेचर अल्गोरिदम एसएसएच-आरएसए नॉट इन पबकीॲक्सेप्टेडअल्गोरिदम्स’ अशी ओळ येते. एसएसएचडीच्या सेटिंगमध्ये एसएसएच-आरएसए पुन्हा चालू करावे, असा सल्ला सगळीकडे दिसतो. त्यात धोका आहे का?

उत्तर : सर्व्हरभर चालू करण्यात धोका आहे; गरजेपुरते चालू करता येते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रचलित प्रोग्रॅम) ८.८ पासून शा-१ या हॅशवर (मजकुराचा ठसा काढण्याच्या पद्धतीवर) आधारलेल्या आरएसए सह्या मूळ सेटिंगमध्ये स्वीकारल्या जात नाहीत, कारण शा-१ फोडण्याचा खर्च आता ५०,००० अमेरिकी डॉलरच्याही खाली आला आहे, असे ओपनएसएसएचच्या विकासकांनीच नमूद केले होते. उबुंटू २२.०४ मध्ये ८.९ ही आवृत्ती आहे, म्हणून आपल्याला हा अनुभव आला.

यात एक गैरसमज सर्रास आढळतो. आरएसए प्रकारची की बाद झालेली नाही. त्या कीने सही करण्याची जुनी पद्धत बाद झाली आहे. तीच की नव्या क्लायंटकडून शा-२ पद्धतीने सही करून चालते, आणि ती सोय ओपनएसएसएच ७.२ मध्ये म्हणजे २०१६ मध्येच आली. म्हणून उपकरणाचे फर्मवेअर अद्ययावत करता येते का, हे आधी पाहावे; येत असेल तर की बदलण्याचीही गरज पडणार नाही.

ते शक्यच नसेल, तर ‘पबकीॲक्सेप्टेडअल्गोरिदम्स +एसएसएच-आरएसए’ ही ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये वर न लिहिता, फाइलच्या शेवटी ‘मॅच’ विभाग करून त्यात लिहावी. तो विभाग बॅकअपच्या एकाच यूजरला आणि उपकरणाच्या एकाच आयपी पत्त्याला लागू व्हावा. त्या यूजरला शेल देऊ नये आणि बॅकअपच्या डिरेक्टरीपलीकडे काही दिसू देऊ नये. बदल केल्यावर ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपासावी, मगच सर्व्हिस रीलोड करावी, आणि नव्या टर्मिनलमधून लॉगिन होत असल्याची खात्री होईपर्यंत चालू असलेले सेशन बंद करू नये. शिवाय अपग्रेडच्या दिवसापासून बॅकअप झालेलेच नाहीत हे लक्षात घेऊन, एक बॅकअप आज हाताने काढून ठेवावा.

प्रश्न : अपग्रेडनंतर नवा कर्नल अधूनमधून ‘ईडीएसी एमसी० : १ सीई मेमरी रीड एरर’ असा संदेश देतो. जुन्या कर्नलवर असे कधीच दिसले नव्हते, म्हणून नव्या कर्नलमध्ये दोष आहे असे समजून जुना परत आणावा का? चूक आपोआप दुरुस्त झाल्याचेही त्याच संदेशात सूचित होते.

उत्तर : या अंकातल्या पाच संदेशांपैकी हार्डवेअरच्या बिघाडाकडे बोट दाखवणारा हा एकच आहे, आणि त्याच्यावर आजच हालचाल करावी. ईडीएसी हा मेमरीतल्या चुका नोंदवणारा कर्नलचा भाग आहे, आणि ‘सीई’ म्हणजे ईसीसी मेमरीने (स्वतःच्या चुका ओळखणाऱ्या मेमरीने) पकडून दुरुस्त केलेली चूक. ईसीसी मेमरी एका बिटची चूक सुधारते, पण दोन बिटांची चूक तिला केवळ ओळखता येते, सुधारता येत नाही. त्या चुकीची नोंद ‘यूई’ अशी होते आणि तिच्यामुळे एखादी प्रोसेस किंवा संपूर्ण सर्व्हर बंद पडू शकतो. नव्या कर्नलमध्ये आपल्या प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरसाठीचा ईडीएसी ड्रायव्हर असेल आणि जुन्यात तो नसेल, तर चुका पूर्वीही होत असतील आणि कर्नलपर्यंत पोहोचत नसतील. जुना कर्नल परत आणल्याने केवळ नोंद थांबेल.

संदेशाच्या पुढच्या भागात चॅनेल आणि डीआयएमएमचा, म्हणजे मेमरीच्या पट्टीचा, क्रमांक असतो. तो प्रत्येक वेळी सारखाच आहे का हे पाहावे. ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/ईडीएसी/एमसी’ या डिरेक्टरीत प्रत्येक कंट्रोलरची ‘सीई_काउंट’ आणि ‘यूई_काउंट’ अशी मोजणी असते, परंतु ती रीबूटनंतर शून्यावर येते. म्हणून ‘रासडीमन’ बसवावा, म्हणजे नोंदी डेटाबेसमध्ये टिकतील आणि ‘रास-एमसी-सीटीएल --एरर्स’ या कमांडने वाचता येतील. ‘आयपीएमआयटूल सेल लिस्ट’ या कमांडने सर्व्हरच्या हार्डवेअरचा स्वतंत्र लॉगही पाहावा. जुन्या कर्नलच्या काळातल्या तारखांच्या मेमरी चुका तिथे सापडल्या, तर कर्नलवरचा संशय तिथेच मिटेल.

बऱ्याच कालावधीत आलेली एखादी तुरळक चूक नोंदवून ठेवणे पुरेसे असते. पण एकाच डीआयएमएमवरची मोजणी सतत वाढत असेल, तर आधी बॅकअप घ्यावा, मग सर्व्हर बंद करून ती पट्टी दुसऱ्या स्लॉटमधल्या पट्टीशी अदलाबदल करावी आणि निरीक्षण चालू ठेवावे. चुका पट्टीबरोबर नव्या स्लॉटमध्ये गेल्या तर पट्टी बदलून घ्यावी. जुन्याच स्लॉटवर राहिल्या तर दोष स्लॉटमध्ये, मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरमध्ये आहे असे धरून पुढील तपास विक्रेत्याकडे सोपवावा. ‘यूई’ची एकही नोंद दिसली तर मात्र या अदलाबदलीत वेळ घालवू नये, त्या सर्व्हरवरचे काम दुसरीकडे हलवावे आणि मग पट्टीला हात लावावा.